कळसूबाईवरून किती लांबचं दिसतं? गोलाई, आडवे डोंगर आणि हवा

प्रश्न असा आहे: कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. सूत्रात घातली की क्षितिज दीडशे किलोमीटरच्या पुढे जातं. मग वर पोचल्यावर पंचवीस किलोमीटरवरचा हरिश्चंद्रगडसुद्धा धुरकट का दिसतो? तिथून समुद्र दिसतो म्हणतात ते खरं आहे का? आणि उत्तरेचा साल्हेर किल्ला दिसतो का?

सूत्र बरोबर आहे, फक्त ते या प्रश्नाचा एक तृतीयांश भागच सोडवतं. नजर कुठवर पोचेल हे तीन गोष्टी ठरवतात: पृथ्वीची गोलाई, मधे आडवा येणारा डोंगर आणि हवा. तिघांपैकी जी आधी आड येईल तिथे दिसणं संपलं. सह्याद्रीत गोलाईची पाळी फार क्वचित येते. वर्षातले बहुतेक दिवस हवाच आधी पडदा टाकते. हवा स्वच्छ मिळाली तर पुढचा डोंगर मागच्याला झाकतो. तरी हिशेब गोलाईपासूनच करावा, कारण तो एकदाच करावा लागतो आणि पक्का असतो.

उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ने गुणा, क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण हे झालं हवा नसलेल्या पृथ्वीचं. खऱ्या हवेत खालचे थर दाट आणि वरचे विरळ असल्यामुळे प्रकाशकिरण किंचित खाली वाकतो, जमिनीच्या गोलाईच्या दिशेने (हेच वक्रीभवन), आणि नजर थोडी पुढे जाते. त्यासाठी ३.५७च्या जागी ३.८६ धरायचं. १,६४६चं वर्गमूळ ४०.६, म्हणजे कळसूबाईचं समुद्रपातळीचं क्षितिज सुमारे १५७ किमी. याच हिशेबाने रायगड (८२० मीटर) ११० किमी, सिंहगड (१,३१२) १४० किमी, साल्हेर (१,५६७) १५३ किमी, केरळातली अनामुडी (२,६९५) २०० किमी आणि एव्हरेस्ट (८,८४९) ३६३ किमी. एव्हरेस्ट कळसूबाईच्या पाचपटीहून उंच, पण क्षितिज जेमतेम सव्वादोनपट. वर्गमूळाचा हा गुण लक्षात ठेवा: शेवटचे शंभर मीटर चढून क्षितिज चार-पाच किलोमीटरच सरकतं. शिखरावर जायचं कारण वेगळं, वर गेल्यावर जवळचे अडथळे पायाखाली जातात.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. सूत्रातली उंची ही समोर जी जमीन पसरली आहे तिच्यापासूनची उंची. कळसूबाईवरून पश्चिमेला कोकण आणि पुढे समुद्र, तिकडे १,६४६ धरणं ठीक. पूर्वेला अकोले, संगमनेरकडचा देश मुळातच साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे. त्या बाजूला तुमची उपयोगाची उंची उरते साधारण १,०५० मीटर आणि क्षितिज येतं १२५ किमीवर. एकाच माथ्यावर उभं राहून दोन दिशांना तीस किलोमीटरचा फरक.

समोरही शिखरच असेल तर दोघांची क्षितिजं बेरजेत धरायची. कळसूबाईचे १५७ आणि साल्हेरचे १५३ मिळून ३१०. म्हणजे या दोन उंचींची शिखरं भर समुद्रात उभी असती तर ३१० किलोमीटरवरून एकमेकांची टोकं दिसली असती. प्रत्यक्षात त्यांच्यात अंतर आहे १२७ किमी. ‘३१०च्या आत आहे, म्हणजे दिसणारच’ असं म्हणून लोक इथेच हिशेब मिटवतात. खरं काम इथून सुरू होतं, कारण मधे समुद्र नाही.

मधला डोंगर आडवा येतो का, हे काढायची रीत कागदावर पाच मिनिटांची आहे. दोन टोकांमधली सरळ रेषा धरा. मधल्या संशयास्पद डोंगराचं अंतर तुमच्यापासून आणि समोरच्या शिखरापासून मोजा, दोन्ही किलोमीटरमध्ये. त्या जागी रेषेची उंची साध्या त्रैराशिकाने काढा. मग दोन्ही अंतरांचा गुणाकार करून १५ने भागा. येणारा आकडा म्हणजे पृथ्वीचा फुगवटा, थेट मीटरमध्ये, वक्रीभवनासकट. तो रेषेच्या उंचीतून वजा करा. राहिलेल्या आकड्यापेक्षा डोंगर उंच असेल तर मागचं दिसणार नाही.

साल्हेरवर हीच रीत लावून बघू. कळसूबाईवरून साल्हेर उत्तरेला, किंचित पूर्वेकडे, १२७ किमी. वाटेत नाशिकचं पठार खाली राहतं, ते आड येत नाही. आड येते सातमाळा डोंगररांग, ८९ किमीवर. तिथून साल्हेर आणखी ३८ किमी. त्या जागी सरळ रेषेची उंची १,५९० मीटर. फुगवटा ८९ गुणिले ३८ भागिले १५, म्हणजे २२५. उरले १,३६५ मीटर. सप्तशृंगीचा माथा १,४०० मीटरच्या वर आहे, पण रेषा थेट त्याच्यावरून जात नाही, तीन-चार किलोमीटर पश्चिमेकडून, अहिवंताच्या बाजूने जाते, आणि तिथली धार कमी उंचीची आहे. म्हणजे साल्हेरचा वरचा भाग सातमाळेच्या धारेवरून डोकावण्याइतकी जागा आहे, फार ऐसपैस नाही. अशा ठिकाणी पन्नास मीटर इकडेतिकडे झाले की निकाल फिरतो. म्हणून कळसूबाईच्या माथ्यावरूनच बघायचं. शेवटच्या शिडीखालच्या टप्प्यावरून तोच हिशेब वेगळं उत्तर देईल.

दुसरं उदाहरण याच्या उलट, महाबळेश्वरचं. तिथला सर्वांत उंच माथा १,४३८ मीटर, कळसूबाईच्या जवळजवळ थेट दक्षिणेला १८६ किमी. दोन क्षितिजांची बेरीज ३०३, म्हणजे गोलाईची हरकत काहीच नाही. पण नकाशावर पट्टी ठेवली की रेषा राजगडाच्या डोंगरावरून जाते. राजगड कळसूबाईपासून १५० किमीवर आणि महाबळेश्वरच्या अलीकडे ३६ किमीवर. तिथे सरळ रेषेची उंची १,४७८, फुगवटा ३६०, उरले १,११८ मीटर. राजगडाचा बालेकिल्ला जवळपास १,४०० मीटर. हवा आरशासारखी असली तरी कळसूबाईवरून महाबळेश्वर दिसणार नाही. ‘त्या टोकाला महाबळेश्वर’ असं कुणी बोट दाखवून सांगत असेल तर तो दुसराच कुठला तरी डोंगर आहे.

त्याच हिशेबाने एक दिलासाही मिळतो. राजगड आणि रायगड यांच्यात पंचवीस किलोमीटर अंतर. मध्यावर फुगवटा साडेबारा गुणिले साडेबारा भागिले १५, जेमतेम दहा मीटर. शेजारच्या किल्ल्यांच्या बाबतीत पृथ्वी सपाट धरली तरी चालतं. साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढेच हा हिशेब मांडायची गरज पडते.

आता समुद्र. कळसूबाईच्या थेट पश्चिमेला किनारा केळवे-पालघरच्या पट्ट्यात, साधारण १०३ किमीवर. क्षितिज १५७वर, म्हणजे किनाऱ्यापलीकडचा पन्नास-एक किलोमीटरचा समुद्र हिशेबात बसतो. अडथळे दोन. पहिला अगदी जवळचा: अलंग, मदन, कुलंग पाच ते आठ किलोमीटरवर पश्चिमेलाच उभे आहेत आणि क्षितिजाचा बराच तुकडा खातात. दुसरा वाडा-मनोर भागातल्या कोहोज, तकमकसारख्या डोंगरांचा, ७५-८५ किमीवर. क्षितिजाकडे जाणारी नजरेची रेषा ८० किमीवर जमिनीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवरून जाते. हे डोंगर पाच-सहाशे मीटरचे. ते ज्या ज्या दिशेला आहेत तिथे समुद्र झाकला जाणार, त्यांच्या मधल्या खिंडींतून तुकड्या-तुकड्यांनी दिसणार. तेव्हा समुद्र दिसतो हे खरं, पण ‘समोर अथांग’ वगैरे चित्र मनात असेल तर ते काढून टाका.

‘आम्हाला दिसला’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दिसलेलं असतं धरण. उतरत्या उन्हात पश्चिमेकडचं कुठलंही पाणी चांदीच्या पट्टीसारखं चमकतं, आणि त्या बाजूला तानसा, भातसा, वैतरणा असे मोठाले जलाशय आहेत. ओळखायची खूण दिशेपेक्षा कोनात आहे. उंचावरून बघताना क्षितिज डोळ्यांच्या पातळीत नसतं, थोडं खाली असतं. कळसूबाईवरून समुद्राचं क्षितिज पातळीच्या १.२ अंश खाली येतं, पालघरचा किनारा १.३ अंश. तानसा ४८ किमीवर आहे, तो जवळपास २ अंश खाली दिसतो. वरच्या वैतरणेचं पाणी वायव्येला बत्तीस किलोमीटरवर, स्वतः सहाशे मीटर उंचीवर, तेही २ अंशांच्या आसपास. पाऊण अंशाचा हा फरक नुसत्या नजरेने कळत नाही, पण मोजता येतो.

त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप पुरते. दीड मीटरचा तुकडा घ्या, पाणी भरून त्यात निळीचा थेंब टाका आणि पाइपवर टिचक्या मारून आतले बुडबुडे पूर्ण काढा. एक बुडबुडा राहिला तरी दोन्हीकडची पातळी जुळत नाही, मोजमाप वाया जातं. दोन्ही तोंडं उघडी ठेवून पाइप यू आकारात धरा, दोन उभ्या भुजांमध्ये बरोबर ५० सेंटिमीटर अंतर. एकाने पाइप धरायची, दुसऱ्याने बघायचं. डोळा अशा उंचीवर आणा की जवळची पाण्याची पातळी आणि लांबची पातळी एका रेषेत येतील. ही झाली खरी आडवी रेषा. पाण्याचा पृष्ठभाग नळीच्या कडेला वर चढलेला दिसतो. दोन्हीकडे मधला खोलगट तळच धरायचा. आता लांबच्या भुजेवर बघा: समुद्राचं क्षितिज पाण्याच्या पातळीखाली सुमारे १ सेंटिमीटरवर येईल, तानसाची चमक पावणेदोन सेंटिमीटरवर. भुजेवर आधीच मिलिमीटरपट्टीचा तुकडा चिकटवलेला असला की काम सोपं होतं. वारा असेल तर पाणी हिंदकळतं, मंदिराच्या आडोशाला उभं राहावं.

हाच क्षितिजाचा कोन मोजून अल-बिरूनी या विद्वानाने अकराव्या शतकात, आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून, पृथ्वीची त्रिज्या काढली होती. त्याच्याकडे डोंगराची उंची होती आणि कोन होता. आपण त्रिज्या माहीत धरून उलटं जातो.

वक्रीभवनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ३.८६ हा आकडा सरासरीचा आहे, तो रोज सारखा नसतो. भर दुपारी जमीन तापली की तिच्यालगतची हवा विरळ होते, किरण कमी वाकतो, कधी उलटाही वाकतो. पहाटे थंड हवा दरीत साचलेली असते, तेव्हा तो जास्त वाकतो आणि क्षितिजाखालची टोकं किंचित वर उचलल्यासारखी दिसतात. साल्हेरसारख्या काठावरच्या बाबतीत म्हणूनच पहाटेची वेळ फायद्याची. भूमापनवाले नेमकं उलट करत. उभे कोन दुपारी मोजायचे, कारण त्या वेळी वक्रीभवन कमीत कमी आणि त्यातल्या त्यात स्थिर असतं. एव्हरेस्टची उंची एकोणिसाव्या शतकात निघाली तीही बिहारच्या मैदानातून, पावणेदोनशे किलोमीटर आणि त्याहून लांबून घेतलेल्या कोनांवरून. एवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाई शिखराचे सुमारे २,४०० मीटर गिळते आणि वक्रीभवन त्यातले तीनेकशे परत देतं. ही दुरुस्ती थोडी जरी चुकली तरी उत्तर शेकड्यांनी हलतं. भूमापन खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या हिशेबातून आलेली आणि १८५६ मध्ये जाहीर झालेली २९,००२ फूट ही उंची आजच्या आकड्याच्या इतकी जवळ आहे, यात खरी करामत त्या दुरुस्तीची.

आता मूळ तक्रार. हरिश्चंद्रगड चोवीस-पंचवीस किलोमीटरवर, मधे काही अडत नाही, तरी धुरकट. हा दोष निव्वळ हवेचा.

लांबचा काळा डोंगर आपल्याला दिसतो तो मागच्या आकाशापेक्षा गडद असतो म्हणून. मधल्या हवेतला प्रत्येक कण थोडा सूर्यप्रकाश आपल्याकडे फेकतो आणि त्या काळ्यावर पांढरट मुलामा चढत जातो. डोंगर आणि आकाश यांतला फरक दोन टक्क्यांवर आला की डोळ्याला डोंगर वेगळा करता येत नाही. कोश्मीडर या जर्मन हवामानतज्ज्ञाने १९२४ मध्ये दृश्यमानतेची व्याख्या याच मर्यादेवर बसवली. फरक अंतराबरोबर सरळ रेषेत घटत नाही, गुणाकाराने घटतो. दृश्यमानता ५० किमी असेल तर २५ किमीवरच्या डोंगराचा फरक निम्मा उरत नाही, १४ टक्के उरतो. म्हणजे ‘आज पन्नास किलोमीटर दिसतंय’ अशा बऱ्या दिवशीसुद्धा हरिश्चंद्रगड फिकट निळसरच दिसणार. तो काळा, कोरल्यासारखा दिसायला हवा असेल तर दीडशे-दोनशे किलोमीटर दृश्यमानतेचा दिवस लागतो.

हवेत एकही धूलिकण नसता तरी हवेचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात, आणि समुद्रपातळीवरच्या हवेत त्यामुळे मर्यादा येते सुमारे ३०० किमीची. उंच गेलं की हवा विरळ, मर्यादा लांबते. म्हणून दूरदर्शनाचे विक्रम उंच पर्वतांमधले आहेत. पिरेनीज पर्वतातल्या फिनेस्ट्रेल शिखरावरून आल्प्समधल्या गास्पार शिखराचा ४४३ किमीवरून घेतलेला २०१६चा फोटो गिनेसच्या नोंदीत आहे. तो सूर्योदयाच्या वेळी सूर्याच्या दिशेने घेतलेला आहे, हा तपशील महत्त्वाचा, त्याकडे पुढे येतो. निव्वळ गणिताने काढलेली पृथ्वीवरची सर्वांत लांब नजररेषा किरगिझस्तान आणि चीन यांच्यामधल्या पर्वतांत ५३८ किमीची आहे.

एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत जालंधरहून धौलाधारच्या बर्फाच्या रांगा दिसू लागल्या, त्याचे फोटो सगळीकडे फिरले. बातम्यांत अंतर दोनशे किलोमीटर छापलं गेलं. ते रस्त्याचं असावं, कारण सरळ रेषेत धरमशालेमागची रांग जालंधरहून १३० किमीच्या आसपास भरते. तिथे पृथ्वी बदलली नव्हती, डोंगरही तेच. गोलाईने साडेचार हजार मीटरच्या शिखराचे बारा-एकशे मीटर झाकले जातात, बाकी तीन किलोमीटरचा डोंगर कायम क्षितिजाच्या वर होताच. वर्षानुवर्षं दडवला होता तो धुराने आणि धुळीने.

आपल्याकडे हवा कधी साफ मिळते? पाऊस परतताना. महाराष्ट्रातून मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो. त्या सुमारास हवा धुतलेली असते, रान ओलं म्हणून धूळ उडत नाही, शेतात जाळपोळ अजून सुरू झालेली नसते. दुपारी ढग चढतात, म्हणून सूर्योदयापासूनचे दोन-तीन तास धरायचे. त्याआधी ऐन पावसातही एखादी उघडीप अशी मिळते की तिच्यासारखी हवा वर्षभरात पुन्हा मिळत नाही. पण तिच्या भरवशावर बेत आखता येत नाही. अवकाळी पावसाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ हा तिसरा पर्याय, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

डिसेंबर-जानेवारीची ख्याती मात्र अर्धीच खरी आहे. थंडीत रात्री खालची हवा गार होते, वर उबदार थर बसतो आणि खालचा धूर, धूळ, बाष्प झाकणाखाली कोंडलं जातं. कळसूबाईचा माथा बऱ्याचदा या झाकणाच्या वर असतो. त्यामुळे आडवं बघितलं की सातमाळा स्वच्छ आणि खाली कोकणात बघितलं की दुधाळ रबडी. उंच शिखरं बघायला ही हवा उत्तम, समुद्रासाठी कुचकामाची, कारण समुद्राकडे जाणारी नजर त्या थरातून अगदी तिरकी, लांबलचक जाते. मार्च ते मे हे सगळ्यांत वाईट महिने: वणवे, धूळ, आणि कोकणातून वर येणारं दमट वारं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतले क्षाराचे, धुराचे कण पाणी शोषून फुगतात आणि तेवढ्याच कणांनी दृश्यमानता पार घसरते. निघण्याआधी पावसाचा अंदाज सगळे बघतात. आर्द्रता आणि वाऱ्याची दिशाही बघा. उत्तरेकडून कोरडा वारा असेल तर जावं.

दिवसातली वेळ आणि दिशा यांचं गणित वेगळं. सूर्य पाठीमागे असताना समोरच्या हवेचा पांढरा मुलामा कमी असतो आणि डोंगराचे तपशील दिसतात: कातळाचे थर, घळी, वाटा. म्हणून सकाळी पश्चिमेकडे, संध्याकाळी पूर्वेकडे बघायचं. पण नुसती बाह्याकृती हवी असेल, तीही अति लांबची, तर सूर्योदयाच्या थोडं आधी उगवतीकडे बघा. त्या वेळी मधली हवा अजून पृथ्वीच्या सावलीत असते, ती उजळत नाही, आणि पलीकडचं आकाश मात्र पेटलेलं असतं. काळी धार त्याच्यावर उमटते. पिरेनीजमधला तो विक्रम याच युक्तीचा. कळसूबाईवरून ही युक्ती पूर्वेला फारशी फळत नाही, कारण त्या बाजूला पट्टा, औंढा, आडच्या रांगेनंतर देश उतरत जातो, मोठं लक्ष्यच नाही. समुद्राकडे सूर्यास्ताला मात्र ती चालते. खिंडीतून पाण्याची चकाकी तेव्हाच उठून दिसते.

सूर्योदयाला पश्चिमेकडच्या धुरक्यावर एक प्रचंड काळा त्रिकोणी डोंगर दिसतो आणि कोणत्याही नकाशात सापडत नाही. तो कळसूबाईच आहे, तिची सावली. शिखराचा आकार कसाही असला तरी लांब पसरणारी सावली दृष्टिभेदाने त्रिकोणीच दिसते. पंधरा-वीस मिनिटांत आखडत जाते.

दिसलेल्याची ओळख पटवताना कोनाचा अंदाज हवा. डोळ्याची ताकद सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. सप्तशृंगीच्या अंतरावर, ९० किमीवर, एक कला म्हणजे २६ मीटर. त्याहून लहान काही वेगळं दिसणार नाही. साल्हेरचा दीडशे मीटरचा माथा धारेवर डोकावला तरी तो चार कला भरेल, पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या आठव्या हिश्शाइतका. हात पुढे ताणला की करंगळीची रुंदी साधारण एक अंश, मूठ दहा अंश. लोक साल्हेर शोधताना फार मोठा डोंगर शोधतात आणि जवळच्या एखाद्याला साल्हेर ठरवून मोकळे होतात. रांगेत आधी आकाराने न चुकणारा डोंगर पकडावा. सातमाळेत धोडप त्या कामाचा: मधे शिवलिंगासारखा उंचवटा आणि त्याला लागून कातळाची आडवी भिंत. त्याच्या डावीकडे सप्तशृंगी, आणि तिच्याही डावीकडे साल्हेरची जागा.

दिशा होकायंत्राने घ्या. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, दुरुस्ती नको. पण कळसूबाईच्या माथ्यावर लोखंडी साखळ्या, कठडे, शिड्या आहेत. त्यांच्यापासून पाच-सात पावलं दूर उभं राहा, नाहीतर फोनमधलं होकायंत्र वाटेल ते सांगतं.

फोनवरच्या उंचीवरही विश्वास ठेवू नका. पुष्कळ फोन उपग्रहाकडून आलेली कच्ची उंची दाखवतात, जी पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. भारताच्या भागात समुद्रपातळी त्या आकाराच्या बरीच खाली आहे, महाराष्ट्रात साठ-पासष्ट मीटर. म्हणून कळसूबाईवर फोन १,५८०च्या घरातला आकडा दाखवतो आणि लोक नकाशाला दोष देतात. क्षितिजाच्या हिशेबात यामुळे तीनच किलोमीटर हलतात. साल्हेरसारख्या काठावरच्या रेषेत सगळंच हलतं.

पीकफाइंडरसारखी ॲप्स शिखरांच्या ओळखीसाठी चांगली आहेत. त्यांना आणि क्यूजिआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या दृश्यक्षेत्राच्या (कुठून काय दिसतं याच्या) हिशेबाला जो उंचीचा डेटा लागतो, तो बहुधा २०००च्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानातून रडारने घेतलेल्या मोजणीवर आधारलेला असतो, तीस मीटरच्या चौकोनांचा. पठारावर तो उत्तम. सह्याद्रीतले सुळके आणि अरुंद माथे मात्र त्या चौकोनात सरासरीने बसके होतात. लिंगाण्यासारख्या सुळक्याची काही दहा मीटर उंची त्यात हरवते. शिवाय क्यूजिआयएसमध्ये गोलाई आणि वक्रीभवन यांची खूण मुद्दाम चालू करावी लागते, वक्रीभवनाचा गुणांक ०.१३ ठेवावा. गूगल अर्थमध्ये जमिनीवर उतरून बघितलं तर गोलाई आपोआप धरली जाते, वक्रीभवन नाही. साल्हेरच्या रेषेत त्यामुळे ३७ मीटर कमी पडतात आणि ‘दिसत नाही’ असं चुकीचं उत्तर येऊ शकतं. त्याच्या उंचीच्या आलेखात तर गोलाईही नसते; तो आलेख वापरायचा असेल तर १५ने भागायचा हिशेब हाताने करून वजाबाकी करायची.

फोटो काढायचा तर फोनची साधी भिंग सोडून द्या, चार कलांचा डोंगर त्यात दोन-चार ठिपक्यांत संपतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर किमान २०० मिलिमीटर, तिवई, आणि सूर्य बाजूला असेल तर पोलरायझर. इन्फ्रारेडमध्ये बदलून घेतलेला कॅमेरा रेणूंचा विखुरलेला प्रकाश पाच-सहा पटींनी कमी पकडतो आणि धुतलेल्या हवेत फार लांबची धार काढून देतो. मार्चच्या धुळीपुढे मात्र त्याचंही फारसं चालत नाही, कारण धुळीचे मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात. काढलेल्या फोटोवर वेळ, उभं राहण्याची नेमकी जागा आणि बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, लिहून ठेवा. त्याच दिशेचा दुसरा फोटो ऑक्टोबरात घेऊन शेजारी ठेवला की कुठली धार खरी आणि कुठला ढग, याचा वाद तिथेच मिटतो.